निमंत्रक

छापखान्यातल्या पोराने पत्रिकेचा नमुना उघडला तेव्हा गणपती, कलश, सनईवाले सगळे आधीच आपापल्या जागी बसलेले होते. सोलापुरातलं, नव्या पेठेच्या मागच्या बोळातलं दुकान. पूर्वी तिथं खिळे जुळवत. आता एक संगणक, कुरकुरणारा कूलर आणि भिंतभर चिकटवलेली परक्यांची लग्नं. शेजारच्या वहिनींनी मला मुद्दाम ओढून नेलं होतं, कारण मी मास्तरीण, ऱ्हस्वदीर्घ बघीन. लग्न त्यांच्या लेकीचं. सोबत त्यांच्या वन्सं, ज्यांना सगळी गल्ली आत्या म्हणते. पोराने मुलीचं नाव टाइप केलं, शिक्षण टाकलं आणि 'यांची सुकन्या'पाशी येऊन थांबला. साच्यात तिथं 'सौ. व श्री.' तयारच होतं. "अक्का, वडील वारले का?" नाही, वहिनी म्हणाल्या. "मग टाकू नाव?" नको. "मग श्रीमती करू?" वहिनी गप्प. कूलरचं पाणी ठिबकत राहिलं. शेवटी आत्याच म्हणाल्या, "बाळा, पुढचं सगळं काढ. नुसती नावं टाक. त्यांचं आणि माझं." पोराने आत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, आत्या आहेत मुलीच्या. त्यावर तो अगदी सहज, कुठलाही आव न आणता म्हणाला, "मग आत्या खाली येत्यात की मॅडम. समस्त परिवारात."

खाली म्हणजे कुठं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काका-काकू, मामा-मामी यांच्यानंतर आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या वर.

पोराचं चुकलं असं मला वाटलं नाही. राग यावा असंही काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण आत्यांना खाली ढकलणारी ती पत्रिका ज्या घरातून निघणार होती, ते घर आत्यांमुळे उभं होतं. मुलगी बालवाडीत असताना वहिनींचे यजमान दुसऱ्या गावी गेले आणि तिथंच दुसरा संसार मांडून राहिले. घटस्फोट झालाच नाही. कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत आणि मागायचं तरी काय, असं वहिनींचं गणित. नातेवाइकांचा हिशोब सरळ होता: वहिनी अक्कलकोटला माहेरी जातील, आत्या भावाकडं. दोघीही हलल्या नाहीत. आत्यांचं लग्न झालेलं नव्हतं, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आठवड्याआड रात्रपाळी. वहिनींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. आमच्या जिन्यात वर्षानुवर्षं लसूण आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास कोंडलेला असायचा, आणि पहाटे त्यात डेटॉलचा वास मिसळला की समजायचं, आत्या ड्यूटीवरून आल्या. वेणी एकीने घालायची, पालकसभेला दुसरीने जायचं. भांडणंही पोटभर व्हायची, आणि ती नवरा-बायकोच्या भांडणांहून काही कमी खमंग नसायची. एकदा मिक्सरच्या भांड्यावरून दोघी आठवडाभर मुलीमार्फत बोलत होत्या.

मी समाजशास्त्र शिकवत असे, त्यामुळे या घराला काय म्हणायचं हा प्रश्न मला पोरीही विचारायच्या. बारावीला कुटुंबाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागे, आणि ती जॉर्ज मर्डॉकची. अमेरिकेतल्या या अभ्यासकाने अडीचशे समाजांची माहिती ताडून पाहिली आणि १९४९ मध्ये लिहून ठेवलं की कुटुंब म्हणजे एकत्र निवास, आर्थिक सहकार्य आणि प्रजोत्पादन असणारा गट. त्यात स्त्री-पुरुष दोन्ही प्रौढ, त्यांपैकी किमान दोघांत समाजमान्य शरीरसंबंध, आणि एक किंवा अधिक मुलं. 'शरीरसंबंध' आला की मागच्या बाकांवर खसखस पिके. एका वर्षी शहराच्या पूर्व भागातून, अशोक चौकाकडून येणारी एक मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, आमच्यात आजी, आई, मावशी आणि आम्ही तिघी. मग आमचं काय?" आमच्या गाइडमध्ये तिच्यासाठी शब्द होता, 'विघटित'. तो मी काही उच्चारला नाही. घरी आल्यावर मात्र वहिनींच्या दारातल्या चपला मोजल्या: सगळ्या बायकांच्या, आणि काहीच विघटित झाल्यासारखं दिसत नव्हतं.

पूर्व भागातल्या त्या मुलींमुळे माझी पुस्तकं जास्त खिळखिळी झाली. टाल्कट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेतलं शहरी कुटुंब समोर ठेवून कामाची वाटणी सांगितली: बापाने कमवायचं, बाहेरच्या जगाशी झुंजायचं, आईने घरातली माया सांभाळायची. हे फळ्यावर लिहीत असताना समोर बसलेल्या निम्म्या मुलींच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा. शाळा सुटली की आईच्या शेजारी सूप मांडीवर घ्यायचं, पत्र्याच्या मापाने पान कापायचं, विडी वळायची, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांमागं मजुरी, आणि कारखान्यात तपासणीत जी बाद होईल ती छाट आपल्या अंगावर. यंत्रमाग कधी चालू, कधी बंद. बापाचा पगार आठवड्यागणिक हलायचा. विडी चालूच. सोलापूरजवळ कुंभारीला महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान येऊन किल्ल्या देऊन गेले, तेव्हा आमच्या कॉलेजात एक मुलगी पेढे घेऊन आली होती. "आईला घर लागलं," ती म्हणाली. बापाला लागलं असं नाही म्हणाली. पार्सन्सची वाटणी या गल्ल्यांत कधी लागूच झाली नव्हती, आणि तरी त्या मुलींना परीक्षेत तीच लिहावी लागे. मार्क मिळायचे.

इरावती कर्वे मला जवळच्या वाटतात, त्या चुलीपाशी येतात म्हणून. १९५३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एकत्र कुटुंबाची खूण सांगितली: एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेलं खाणारे, मालमत्ता सामाईक असणारे, देवदेवक एक असणारे नातलग. जनगणनेचा प्रगणकही आजतागायत तेच विचारतो, एका स्वयंपाकघरातलं खाता का? आता सोलापूरच्या एसटी स्टँडवर किंवा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात संध्याकाळी जाऊन बघावं. पुण्याच्या गाडीत चढणारी खोकी: कडक भाकरीची चळत, चटणीचा डबा, धपाटे, वर मार्करने लिहिलेला मोबाइल नंबर. अडीचशे किलोमीटरवर हिंजवडीत किंवा वाकडला एखादा पोरगा ती भाकरी चुरून दह्यात घालतो. चूल एकच, छपरं दोन. आय. पी. देसाई या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातेतल्या महुवा गावचा अभ्यास केला, तो १९६४ मध्ये छापून आला. त्यात त्यांचं हेच म्हणणं होतं की वेगळं राहिलं म्हणून एकत्रपण संपत नाही, देणंघेणं आणि जबाबदारी कुठवर पोचते ते बघा. पण त्यांच्या विचारात न मावणारीही घरं मला ठाऊक आहेत. दक्षिण कसब्यातल्या एका जुन्या वाड्यात एकटे राहणारे एक काका आहेत. मुलाने परदेशातून घरात कॅमेरा बसवलाय. काका दुपारी ओट्याशी उभे राहून जेवतात, तर स्पीकरमधून आवाज येतो, "बाबा, बसून जेवा." जबाबदारी पोचतेच आहे. काकांनी मला हळूच दाखवलं की न्हाणीघराच्या दाराशी कॅमेरा दिसत नाही, मग ते वर्तमानपत्र घेऊन तिथं स्टूल टाकून बसतात. हसावं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

कुटुंबाची विविधता हे अलीकडचं खूळ आहे, असं कोणी म्हणालं की मला आमचा वर्ग आठवतो. एकाच बाकावर तीन मुली. मराठी मुलीच्या घरी आतेभावाशी लग्न चालतं. तिच्या मामेभावाशी मात्र कोणी नाव काढणार नाही. शेजारी तेलुगू मुलगी, तिची सोयरीक सख्ख्या मामाशी ठरलेली. तिसरी मारवाडी, ती हे ऐकून अक्षरशः तोंडावर हात ठेवते. कर्वेबाईंनी महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण या दोन नातेव्यवस्थांमधला पट्टा म्हटलंय, ते सोलापुरात नकाशाविना कळतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मामा-भाचीचं नातं निषिद्ध यादीत घातलं, पण रूढी असेल तर सूट ठेवली, आणि त्या सवलतीत इथले कित्येक संसार सुखाने किंवा जसे व्हायचे तसे झाले. (डॉक्टर लोक यावर जे सांगतात ते वेगळं, आणि ऐकण्यासारखं आहे.) त्याहून मोठी गोष्ट दर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, तळ्याकाठी होते. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते तर योगी. मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, अशी कथा. त्या लग्नाच्या अक्षता टाकायला अख्खं शहर संमती कट्ट्याभोवती उभं राहतं, बाराबंदीतले मानकरी, आकाशाला टेकलेले नंदीध्वज, हजारो हातांत ज्वारीतांदूळ. नवरी नवऱ्याच्या काठीशी बोहल्यावर चढते आणि एकाही माणसाला त्यात वावगं वाटत नाही. त्याच शहरात आमच्या वहिनींना बँकेतल्या बाईने विचारलं होतं, "मिस्टर नाहीत म्हणजे नेमकं काय?"

देवाला आणि थोरांना सवलत असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४१ मध्ये त्यांनी तिथल्या ग्वो चिंगलान या नर्सशी लग्न केलं, मुलाच्या नावात भारत आणि चीन दोन्ही गुंफले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या सहली येतात. चिनी सून ही अभिमानाची बाब. आणि आमच्याच गल्लीतल्या एका मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा केला तर तिच्या आईने वर्षभर हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं.

ज्युडिथ स्टेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेचं पुस्तक मी निवृत्तीच्या सुमारास वाचलं. १९९० चं. कॅलिफोर्नियात सिलिकॉन व्हॅलीतल्या कामकरी घरांमध्ये ती गेली, बोलली, आणि तिला दिसलं की नव्या तऱ्हेची कुटुंबं सुशिक्षित मध्यमवर्ग घडवतोय हा समज खोटा आहे. ती आधी कष्टकरी बायकांनी घडवली, तीही हौसेने नव्हे, भाग पडलं म्हणून. घटस्फोटानंतरही माजी सासरची माणसं मुलांसाठी एकमेकांना धरून राहिलेली तिला सापडली. वाचताना मी जिन्यातल्या वासापर्यंत येऊन पोचले. याच विषयावर निवड, स्वातंत्र्य, स्वतःचं आयुष्य स्वतः रचणं असली भाषा युरोपातल्या विचारवंतांनी पुष्कळ वापरलीय, आणि ती मला नेहमी थोडी उपाशी न राहिलेल्यांची वाटते. वहिनींनी काय निवडलं? त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या, अक्कलकोट किंवा चटणी. पण मग आत्यांचं काय? त्यांना खरंच पर्याय होता, पगार होता, भाऊ बोलावत होता. त्यांनी भाऊ सोडून भावजय निवडली. हे मी त्यांना एकदा असंच म्हणाले, तर आत्या म्हणाल्या, "निवडलं बिवडलं काही नाही. नाइट करून आल्यावर चहा कोण देतं, ते बघितलं."

पत्रिकेकडे वळायचं तर, जॅनेट फिंच ही इंग्लंडची अभ्यासिका २००७ मधल्या एका निबंधात म्हणते की कुटुंब नुसतं जगून पुरत नाही, ते इतरांना दिसावं लागतं, दाखवावं लागतं. आणि ज्यांचं घर रूढ साच्यातलं नाही त्यांना हे दाखवणं जास्त करावं लागतं. आपल्याकडं ते दाखवायची जागा पत्रिका. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणत्या काकांचं गाळलं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोले झालेत. म्हणूनच मला वाटतं, नवं काही घडलं असेल तर ते इतकंच: अशी घरं पूर्वीही होती, पण ती गप्प होती. बालविधवा आत्या, एकत्र नांदणाऱ्या दोघी सवती, बहिणीची पोरं वाढवणारा अविवाहित मामा, सगळी कुठल्या ना कुठल्या वाड्याच्या मागच्या खोलीत निभली आणि फोटोच्या कडेला उभी राहिली. आता त्यांना वरच्या ओळीत यायचंय. छापून.

वरच्या ओळीत दोघींची नावं छापली गेली. 'निमंत्रक' म्हणूनही दोघीच. मुलाकडचे बार्शीचे, सज्जन माणसं. त्यांचा फोन आला: आमची काही हरकत नाही, पण आमच्यात विचारतात हो. त्यांनी आपली पत्रिका वेगळी छापली आणि तिच्यात मुलीच्या वडिलांचं नाव रीतसर घातलं. म्हणजे एकाच लग्नाच्या दोन पत्रिका दोन गावांत फिरल्या, एकीत नवरी दोन बायकांची, दुसरीत ज्याने तिला दहावीनंतर पाहिलंही नव्हतं त्याची. वहिनी चिडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यांना त्यांच्या गावात राहायचंय." मला हा समजूतदारपणा आवडला नाही, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार मला आहे असंही वाटलं नाही.

कागदं हळूहळू बदलतायत, तेवढं खरं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव आणलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर चंडीगडच्या एका नर्सचा खटला होता. नवऱ्याच्या आधीच्या लग्नाच्या मुलांसाठी तिने पूर्वी रजा घेतली म्हणून तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची रजा नाकारली होती. न्यायालयाने ती दिली आणि सोबत स्पष्ट लिहिलं की आईबाप आणि मुलं या ठरावीक चौकटीबाहेरची घरं, एकट्या पालकाची, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांची, समलिंगी जोडप्यांची, हीही कुटुंबंच आहेत आणि कायद्याचं संरक्षण त्यांनाही आहे. पुढच्याच वर्षी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र त्याच न्यायालयाने नकार दिला. मग २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा. लग्न नाही, पण गहू-तांदूळ एकत्र. मला हे वाचून हसू आलं आणि कर्वेबाईंची चूलही आठवली. सरकार शेवटी तिथूनच आत आलं. माझा पुण्यातला भाचा त्याच्या मैत्रिणीबरोबर लग्नाशिवाय राहतो. सोसायटीचा फॉर्म भरताना त्याने फोन केला, "मावशी, 'नातं' या रकान्यात काय लिहू?" मी म्हणाले, खरं लिही. तो म्हणाला, "खरं लिहायला जागा दीड इंच आहे." त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मी हा संवाद सांगितलेला नाही. ती विचारत नाही, मी सांगत नाही; तिला सगळं ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे.

लग्नानंतर मुलगी पुण्याला गेली आणि आत्यांना छातीत दुखलं. गंभीर काही निघालं नाही. पण भरतीच्या कागदावर सही करताना वहिनींनी 'रुग्णाशी नातं' इथं 'भावजय' लिहिलं, तर काउंटरवरच्या माणसाने सख्खं कोणी नाही का विचारलं. त्यानंतर दोघींनी विम्याच्या एजंटला बोलावलं. तो म्हणाला, एका पॉलिसीत नवरा-बायको, मुलं, आईवडील बसतात. नणंद-भावजय बसत नाहीत, दोन काढा. मग वहिनी फ्लॅटचं बोलल्या. जुळे सोलापूरमधला तो फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर आहे, आणि हप्ते निम्मे आत्यांच्या पगारातून गेले. आम्ही तिघी वकिलांकडं गेलो. वकील तरुण होता, त्याने कागदावर आखून दाखवलं. मृत्युपत्र न करता वहिनी गेल्या तर हिंदू वारसा कायद्याच्या पंधराव्या कलमाने फ्लॅट मुलीला आणि नवऱ्याला सारखा. घटस्फोट झालेला नाही, त्यामुळे तो आजही नवराच. आत्यांना शून्य. बक्षीसपत्र करावं तर दोनशे रुपयांची मुद्रांक सवलत नवरा, मुलं, नातवंडं अशांना. नणंदेला पूर्ण शुल्क. आत्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे जो हप्ता भरायला नव्हता, त्याला निम्मं." वकिलाने मान खाली घातली, जणू कलम त्यानेच लिहिलं होतं. मृत्युपत्र करा, तो म्हणाला, त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरे.

एक साक्षीदार मी. दुसरा कोण, यावर घोडं अडलं. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान असलेला बरा, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर हयात पाहिजे, असं वकिलाचं म्हणणं. आम्ही रिक्षातून येताना आमच्या इमारतीतली दारं एकेक करून आठवली. पहिल्या मजल्यावरचा बंगळुरूला. त्याच्या समोरची जोडी हडपसरला. वरच्या कुलकर्ण्यांचे दोघंही बाहेर. सगळ्यात तरुण माणूस निघाला तो वॉचमन, आणि तोही साठीचा.

"गड्ड्याला येतील की सगळे," वहिनी म्हणाल्या. "जानेवारीत करू."

"तोवर मरू नका म्हणजे झालं," आत्या म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला सात रस्त्याला थांबायला सांगितलं, कारण शेंगदाणे संपले होते.